दुआर्तेपर्यंत चौदा पायऱ्या

४ फेब्रुवारी २०१९, सोमवार

नोटरीच्या कचेरीत एकेचाळीस वर्षं मी दुसऱ्यांची खरेदीखतं आणि मृत्युपत्रं नकलून काढली. स्वतःविषयी चार ओळी लिहायची वेळ कधी आली नाही. निरोपाच्या दिवशी कचेरीने दिलेली ही जाड वही सहा वर्षं कपाटात पडून होती. आजपासून तिला काम मिळालं.

काल माझी नात येसेनिया मेदेयीन शहरातून आली. बॅग खाली ठेवायच्या आधीच मोबाइल पुढे केला. पाचशे वर्षांपूर्वी स्पेनने ज्या ज्यूंना हाकललं, त्यांच्या वंशजांना आता स्पेन नागरिकत्व देतंय. सप्टेंबरअखेर मुदत संपते. आपण एन्रिके दुआर्तेचे वंशज, हे आमच्या घरात सगळेच म्हणत आलेत. सोळाशे पंचवीसच्या सुमाराला हा माणूस खेचरं घेऊन या डोंगरात आला आणि सोन्याच्या खाणींना मीठ विकू लागला. त्याचे लोक धर्म बदललेले ज्यू होते हे जुन्या कागदांत आहे. आता प्रश्न एवढाच, की त्याच्यापासून येसेनियापर्यंत एकेक पिढी चर्चच्या वह्यांवरून सिद्ध करायची.

"मामिता, स्पेन म्हणतंय, चुकलं आमचं, परत या."

"पाचशे वर्षांनी?"

"निदान म्हणतंय तरी."

"तुझा आजोबा तेवढंही म्हणाला नाही कधी."

ती परिचारिका आहे. इस्पितळ तिला तीन-तीन महिन्यांचे करार देतं आणि दर वेळी शेवटच्या आठवड्यापर्यंत टांगून ठेवतं. तिची मैत्रीण स्पेनमध्ये वालेन्सियाला कायमच्या नोकरीत लागली आहे. मी लगेच हो म्हटलं. जुनं अक्षर या गावात माझ्याइतकं कुणाला वाचता येत नाही, चर्चची दप्तरं सांभाळणारा दॉन आनिबाल सोडला तर. आणि तो सदा चष्मा हरवून बसलेला असतो.

एक नियम ठरवला आहे. आईकडून आईकडे चढत जायचं, दुआर्ते आडनाव लागेपर्यंत. बापांच्या बाबतीत कागदावर विसंबावं लागतं, आईचं तसं नाही. पहिल्या तीन पायऱ्या आजच लिहून टाकल्या: येसेनिया, तिची आई न्युबिया, आणि मी. न्युबिया दोन वर्षांसाठी म्हणून इटलीला म्हाताऱ्यांची सेवा करायला गेली, त्याला बावीस वर्षं झाली. येसेनिया तेव्हा पाच वर्षांची होती.

१२ फेब्रुवारी

दप्तरखाना सोमवार ते गुरुवार, नऊ ते बारा. दॉन आनिबाल हातमोजे देतो आणि वर स्वतःच वह्यांवर कॉफीचा कप ठेवतो.

"दोन्या गिल्मा, तुम्ही सत्ताविसाव्या. जानेवारीपासून सत्तावीस ज्यू आले माझ्याकडे. सगळे सातच्या प्रार्थनेहून थेट."

गावाला खूळ लागलंय खरं. खाटकाची बायको सांगत होती, तिची पणजी केर नेहमी दारातून आत लोटायची, बाहेर नाही, ही म्हणे लपून राहिलेल्या ज्यूंची रीत, म्हणजे ज्यूच असणार. मी तिच्या पणजीला पाहिलंय. ती केरच काढत नसे.

२६ फेब्रुवारी

सात पायऱ्या झाल्या! आईची आई, तिची आई, तिची आई. अठराशे चौतीसची रोसालिया, बाप्तिस्म्याच्या दिवशी वय चार दिवस. पाद्र्याचं अक्षर असं की डास चिरडलाय की स्वल्पविराम दिलाय कळू नये. तरी मी वाचलं. घरी येताना चालावंसं वाटेना, चौकात बसून आइस्क्रीम खाल्लं. किती वर्षांनी काही माझं वाटलं.

१९ मार्च

दहावी पायरी, आणि इथे अडलं. मारिया आंतोनिया, सतराशे अडुसष्टचं लग्न. पण ती तेव्हा विधवा होती, आणि विधवेचं दुसरं लग्न लावताना पाद्री फक्त मेलेल्या नवऱ्याचं नाव लिहीत, आईबापांचं नाही. तिच्या जन्माच्या सुमाराची बाप्तिस्म्याची वही वाळवीने चाळणी केली आहे. आई कोण, काही पत्ता नाही.

येसेनियाला फोन केला. ती म्हणाली, "काही तरी असेल ना गं दुसरं?" मी म्हटलं, बघते. चिकाटीचं काम आहे, घाईचं नाही.

बऱ्याच दिवसांनी शांत झोप लागली.

१९ एप्रिल, गुड फ्रायडे

येसेनिया चार दिवस आली होती. मासे केले, घेवडा शिजवला. ती मैत्रिणीच्या घराचे फोटो दाखवत होती. स्वयंपाकघर एवढंसं, पण गॅलरीतून संत्र्याची झाडं दिसतात.

"तुझ्यासाठी एक खोली बघू आपण, मामिता. एकदा बस्तान बसलं की."

"न्युबियापण खोलीच बघत होती."

तिने मोबाइल बंद केला आणि भांडी घासायला घेतली. मी तसं बोलायला नको होतं. पण खोटं काय बोलले?

संध्याकाळी न्युबियाचा आवाजी निरोप आला. दर आठवड्याचा ठरलेला: थंडी आहे, गुडघे दुखतात, देव तुमचं भलं करो. पन्नास सेकंद. येसेनिया म्हणाली, आईचा आवाज आता इटालियन बाईसारखा वाटतो. मला तसं काही वाटलं नाही.

६ मे

दॉन आनिबालने आज चष्मा शोधता शोधता सांगितलं, की खालच्या कपाटात लग्नाच्या परवानग्यांचं एक गाठोडं आहे. त्या काळी चौथ्या पिढीपर्यंतच्या नात्यात लग्न करायचं तर बिशपची परवानगी लागे. अर्जासोबत वंशवृक्ष काढून द्यावा लागे, साक्षीदार उभे करावे लागत आणि सगळं खेचरावरून बिशपकडे पोपायानला जाई. "आपल्या खोऱ्यात तर चुलत-मावसच लग्न करत होते. तुमची मारिया आंतोनिया पहिल्या लग्नाला तिथे सापडेल बघा."

मी म्हटलं, आधी हातातलं नीट करते. पाया पक्का नसेल तर वर चढून उपयोग काय. पहिल्यापासून सगळ्या नोंदी पुन्हा ताडून बघायला घेतल्या आहेत.

"पुन्हा?"

"कचेरीत मी प्रत्येक नक्कल दोनदा ताडत असे."

"हो, म्हणून लोक मृत्युपत्र करायला तरुणपणीच यायचे."

१३ जून

ताडून बघण्यात एक चूक सापडलीच: रोसालियाची तारीख मी सोळा लिहिली होती, आहे अठरा. म्हणजे मेहनत वाया गेली नाही. सगळा तक्ता नव्याने स्वच्छ लिहिला, काळ्या शाईत. पाच दिवस गेले.

येसेनियाचा फोन. स्पेनचा अर्ज करून देणाऱ्या वकीलबाईला तक्ता उशिरात उशिरा ऑगस्टच्या एकतीस तारखेला हवा, त्यानंतर ती हात लावणार नाही. मी सांगितलं, मिळेल.

दॉन आनिबालशी खटका उडाला. तो माझ्या तक्त्यावर वाकून म्हणाला, "दोन्या गिल्मा, या गावात दुआर्तेकडे जायला आठ जिने आहेत. तुमच्या वडिलांकडून जा, आजोबांकडून जा. सगळे एकमेकांचे भाऊबंद. तुम्ही एकाच बंद दारापुढे ठाण मांडून का बसलात?"

"माझा नियम आहे. आईकडून आईकडे."

"नियम कुणी केला?"

"मी."

"मग तो मोडायला पोपायानची परवानगी लागणार नाही."

मी हातमोजे काढून टेबलावर ठेवले आणि निघून आले. माणसाने दुसऱ्याच्या कामाची पद्धत तरी मानावी.

७ जुलै, रविवार

इस्पितळाने करार वाढवला नाही. येसेनिया दोन बॅगा आणि एक पंखा घेऊन घरी आली आहे.

तिच्यासमोर मी वाईट वाटल्यासारखं तोंड केलं. वहीत खोटं लिहिणार नाही: दारात पंखा हातात घेऊन उभी असलेली ती दिसली, तेव्हा मला आनंद झाला. तिच्या खोलीत पडदे लावले. सकाळी गुळाचं गरम पाणी दोन कपांत ओतताना हात कसा हलका झाला होता.

१६ जुलै

गावच्या आरोग्य केंद्रात लसीकरणाला माणूस हवा आहे असं कळलं. तिला सांगितलं. "सहा महिन्यांसाठी आहे, मामिता. तेही अर्ध्या दिवसाचं," म्हणाली. मी म्हटलं, सुरुवात अशीच होते. तिने मान हलवली. ती बोलते कमी. खिडकीत बसून मोबाइलवर स्पेनच्या नागरिकत्वाच्या परीक्षेचे प्रश्न सोडवते: राजाचे अधिकार, प्रांत किती, नद्या कोणत्या. काल मला म्हणाली, विचार. मी विचारलं. पंचवीसपैकी पंचवीस बरोबर आले.

८ ऑगस्ट, गुरुवार

गाठोडं उघडलं.

दॉन आनिबालशी मीच बोलायला गेले, मुदत जवळ आली म्हणून. तो काही टोचून बोलला नाही. खालच्या कपाटातून गाठोडं काढून दिलं आणि खिडकी उघडली. तिसराच कागद. सतराशे एक्कावन्न. मारिया आंतोनिया, वय अठरा, आणि वर म्हणून चुलत नात्यातला इग्नासियो, वय सत्तेचाळीस. खाली वंशवृक्ष, गोल गोल काढून जोडलेला: मुलीची आई हासिंता दुआर्ते, तिचा बाप, त्याचा बाप, आणि सगळ्यात वर एन्रिके दुआर्ते. चारही पायऱ्या एकाच पानावर, शाई कालची वाटावी अशी.

मग आईची साक्ष वाचली. नक्कल इथेही उतरवून ठेवते:

"हासिंता दुआर्ते, विधवा, सांगते की ही तिची एकुलती मुलगी. परक्या गावात दिली तर नदीपलीकडे जाईल आणि पुन्हा दिसणार नाही. तिची स्वतःची बहीण अशीच गेली. म्हातारपणी पाणी द्यायला आणि डोळे मिटायला कुणी उरणार नाही. इग्नासियोचं घर तिच्या कुंपणाला लागून आहे. या कारणास्तव परवानगी द्यावी."

त्याखाली मुलीची जबानी. एकच ओळ. "विचारल्यावर म्हणाली, आईची इच्छा आहे." आणि फुलीची सही.

कचेरीत 'स्वखुशीने' हा शब्द मी हजारो वेळा नकलला आहे. त्याच्याशिवाय खत पुरं होत नाही. या जबानीत तो नाही. दोनदा ताडून पाहिलं.

बिशपने परवानगी दिली. प्रायश्चित्त म्हणून मुलीने वर्षभर दर शनिवारी चर्च झाडायचं. मुलीने!

दॉन आनिबालने माझ्या नकलेवर शिक्का मारून दिला आणि म्हणाला, "पोरगी उड्या मारेल." मी म्हटलं, आधी एकदा सगळं तपासते.

नक्कल घरी आणली आहे. मक्याच्या डब्यात तळाशी ठेवली. तिथे ओल लागत नाही.

१५ ऑगस्ट

लिहिण्यासारखं काही नाही. पाऊस. येसेनियाने आज पहाटेच उठून मका शिजत टाकला होता, आरेपाच्या भाकऱ्या करायला. मी म्हटलं, अगं, मी काढून दिला असता. "काढला मी," म्हणाली.

दुपारी माझ्या मागे येऊन उभी राहिली. हनुवटी माझ्या डोक्यावर टेकवली. लहानपणी उलट असायचं.

"मामिता, मला काही सांगायचंय का तुला?"

"मीठ जास्त झालं होतं आरेपात."

"बरं," म्हणाली.

२१ ऑगस्ट

आरोग्य केंद्राचा अर्ज तिने भरून दिला. आपणहून. मी काही म्हटलं नव्हतं. अर्धा दिवस तर अर्धा दिवस, म्हणाली, आणि हसली. मला बरं वाटायला हवं होतं. जेवण मात्र गेलं नाही.

२६ ऑगस्ट, सोमवार

दप्तरखान्यात काही काम नव्हतं, तरी गेले. दॉन आनिबाल एकटाच होता. त्याने दोन कॉफ्या ओतल्या.

"कळवलंत?"

"तपासते आहे."

तो चष्मा पुसू लागला. मग सांगू लागला. त्याचा मुलगा अर्नान टोरोंटोला असतो हे गावाला माहीत आहे. हे माहीत नव्हतं: अर्नानला तिकडे शिकायला प्रवेश मिळाल्याचं पत्र आलं तेव्हा ते दॉन आनिबालच्याच हाती पडलं, आणि त्याने ते तीन आठवडे मृत्यूंच्या वहीत घालून ठेवलं. अठराशे सत्तरच्या. तिथे कोण बघतं.

"मग?"

"मग काय. त्याने तिकडे फोन करून दुसरं मागवलं. गेलाच तो. जाताना माझ्याशी बोलला नाही, एवढाच फरक पडला. बायको गेली तेव्हा आला, तिला खांदा दिला, आणि हॉटेलात उतरला." कॉफी संपवून म्हणाला, "ते गाठोडं मी दोन हजार तीनमध्ये लावलंय, दोन्या गिल्मा. तुमचा कागद तिसरा आहे हे मला पाठ होतं. तुम्हीच उघडावं म्हणून थांबलो."

मी म्हटलं, मग फेब्रुवारीतच का नाही दिलात? तर म्हणाला, "तुम्ही आठवड्यातून चार दिवस येत होता." याचा इथे काय संबंध, ते कळलं नाही.

घरी येताना हासिंताचा विचार करत होते. सहा महिने मी तिला शोधतेय असं मला वाटत होतं. ती माझ्याच घरात होती. दोन कपांत गुळाचं पाणी ओतत होती. मला स्वतःची लाज वाटली, भर चौकात, सकाळी साडेअकराला.

२७ ऑगस्ट, मंगळवार

येसेनिया दळणाला गेली होती. मी डबा जमिनीवर घेतला, मका परातीत ओतला आणि हात घातला.

कागद होता. पण मी ठेवला होता तसा नव्हता. मी नुसता चौघडी करून ठेवला होता. आता तो एका स्वच्छ प्लास्टिकच्या पिशवीत होता, तोंड दुमडून, वर कपडे वाळत घालायचा चिमटा लावलेला. किडे लागू नयेत म्हणून. दाणे टोचून शिक्का फाटू नये म्हणून.

मी जमिनीवरच बसून राहिले.

पंधरा तारखेला तिने मका काढला. म्हणजे बारा दिवस. बारा दिवस तिला माहीत होतं. वकीलबाईला फोटो पाठवायला अर्धं मिनिट लागलं असतं. तिने पाठवला नाही. वाचला असेल, हासिंताची साक्षही वाचली असेल, आणि मग पिशवी शोधून, नीट घालून, होता तिथे ठेवून दिला. आणि आरोग्य केंद्राचा अर्ज भरला.

ती आली तेव्हा परात तशीच मध्ये होती. मी कागद पिशवीतून काढून तिच्यापुढे धरला. पिशवी मुठीत ठेवली.

"सापडला," मी म्हटलं. "हासिंता दुआर्ते. चौदा पायऱ्या पुऱ्या झाल्या."

तिने कागदाकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहत राहिली. मग पीठ खाली ठेवून विचारलं, "कुठे होता?"

"खालच्या कपाटात."

"उंदरांनी खाल्ला नाही, नशीब."

"कुणी तरी जपला होता," मी म्हटलं.

तेव्हा ती रडली. मीही. मका सगळीकडे सांडला, तो आम्ही दोघींनी बसून निवडला आणि डब्यात भरला. निवडताना तिने विचारलं, "तू एकटी राहशील?" मी खरं ते सांगितलं. म्हटलं, मला भीती वाटते. आणि तरी तू जा.

२९ ऑगस्ट

माझ्या जुन्या कचेरीत वकीलबाईच्या नावे अधिकारपत्र केलं. नवा कारकून भरभर वाचत होता, मी त्याला थांबवलं. म्हटलं, तो शब्द पुन्हा वाच, सावकाश. त्याने वाचला: स्वखुशीने. येसेनियाने सही केली. साक्षीदार म्हणून खाली माझी.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

अर्ज पोचला. आता वर्ष लागेल, कदाचित दोन. तोवर लसीकरण, अर्धा दिवस. मग ती जाईल.

दॉन आनिबालला सांगायला गेले. त्याने त्याच्या वहीतून काढून दाखवलं, की तो आणि मी दुआर्तेच्या वंशातल्या एका जोडप्याकडून पाचव्या पिढीतले भाऊबहीण लागतो. "पाचव्या," त्याने बोटाने दाखवलं. "बिशपला विचारायची गरज चौथ्यापर्यंतच." चष्मा त्याच्या कपाळावरच होता आणि तो टेबलावर शोधत होता. शोधून दिला. सोमवारी या म्हणाला. आता वंशावळीचं काम तर काही उरलं नाही, पण म्हटलं, येईन.

ती पिशवी आज धुतली आणि चिमटा लावून दोरीवर वाळत घातली. येसेनियाने बघितलं. खिडकीतून हात बाहेर काढून तिने ती उलटी केली, आतूनही वाळावी म्हणून.